घुर्ये यांच्या मालवणात समाजशास्त्र शिकताना

(समितीच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या चिटणीसांनी आम्हाला 'उच्च शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलण्यास सांगितले होते. शिक्षणाचे महत्त्व आपल्या समाजाला पटवून देण्याची गरज आता उरलेली नाही. ते काम बाबासाहेबांनी कधीच करून ठेवले आहे. म्हणून विषय थोडा लहान करून घेण्याची परवानगी आम्ही मागितली. नोकरी आणि संसार सांभाळून, चाळिशी उलटल्यावर, समाजशास्त्रात एम.ए. करण्याचा खटाटोप आम्ही केला. त्यात काय मिळाले, काय हातातून निसटले आणि त्याचा आपल्या वाडीला उपयोग काय, एवढेच आज सांगणार आहोत.

'आम्ही' हा शब्द मोठेपणासाठी नाही. आम्ही खरोखरच पाच जण होतो. एक प्राथमिक शिक्षक, एक एस.टी.चे वाहक, एक अंगणवाडी सेविका, एक ग्रामपंचायतीतील कर्मचारी आणि पाचवा बँकेत कारकुनी करणारा, जो आज तुमच्यापुढे उभा आहे. पाचही जण कला शाखेचे पदवीधर. पदवीचा कागद पेटीत ठेवून वीस-वीस वर्षे झालेली. अशा माणसांना पुन्हा परीक्षेला बसण्याची बुद्धी का व्हावी, हा प्रश्न आमच्या घरच्यांनीही विचारला. शेजारच्या एका काकांनी तर तोंडावरच विचारले, "शिकान आता काय करतलास? पेन्शन वाढतली काय?"

त्याचे उत्तर २०२० सालात आहे. त्या वर्षीच्या टाळेबंदीत मुंबईहून आपली माणसे मिळेल त्या वाहनाने गावी आली. तुम्हा सर्वांना ते दिवस आठवत असतील. चौदा दिवस शाळेत राहायचे, विहिरीवर यायचे नाही, डबा पायरीवर ठेवून मागे सरायचे. रोगाची भीती खरी होती आणि नियमही आवश्यक होते, याबद्दल आमचा वाद नाही. पण ज्यांच्या मनीऑर्डरवर या जिल्ह्यातील घरांची कौले चढली, त्या चाकरमान्यांकडे गावाने ज्या नजरेने पाहिले, ती नजर आपल्या वाडीतील म्हाताऱ्यांना ओळखीची वाटली. आमच्यापैकी एकाचे वडील म्हणाले, "ह्या आमका नवा नाय. आता सगळ्यांका कळात." रात्री मोबाईलवर यावरच आमचे बोलणे चाले. गाव असे का वागते? भीती वाटली की माणूस अंतर कोठून आखतो? जुनी रेघ इतक्या लवकर पुन्हा कशी उमटते? उत्तरे सापडेनात. तेव्हा सेविकाताई म्हणाल्या, "या प्रश्नांचं एक शास्त्र आहे म्हणतात. शिकून बघू या." एका मुक्त विद्यापीठात आम्ही पाचही जणांनी नावे घातली.

मित्रहो, नाव घातल्यावर आम्हाला जो पहिला धक्का बसला तो आनंदाचा होता. भारतातील समाजशास्त्राचा इतिहास शिकू लागलो आणि पहिल्याच पानांवर आपले मालवण भेटले. मालवण म्हटले की किल्ला, मासळी, दशावतार आणि मालवणी नाटक इतकेच आपण सांगतो. परंतु भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी याच मालवणात झाला.  पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते संस्कृत घेऊन एम.ए. झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. देशातील हा पहिला विभाग. त्याचे पहिले प्रमुख स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. त्यांच्या शिफारशीने घुर्ये विलायतेला गेले. लंडनला काही काळ हॉबहाउस यांच्याकडे आणि नंतर केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे ते शिकले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारले, तेव्हा हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पुरा केला. १९२४ साली ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले, आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी या विषयाच्या दोन पिढ्या घडविल्या. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही सर्व त्यांच्या हाताखालची माणसे. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीचे संस्थापकही तेच. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

जगात आज कोठेही भारतातील जातीवर कोणी प्रबंध लिहिला, तर त्याला मालवणच्या या माणसाचे नाव घ्यावे लागते. आणि आम्ही याच मालवण तालुक्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षे राहून त्यांचे नाव ऐकले नव्हते! दोष कोणाला द्यावा? आमच्या शाळेत ते कोणी सांगितले नाही, आणि पुढे आम्हीही आमच्या मुलांना सांगितले नाही.

परंतु आपल्याला याहूनही जवळचे एक नाव त्याच अभ्यासक्रमात भेटले. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले, हे आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण त्यांनी घेतलेल्या पाठांत समाजशास्त्राचे सहा आणि मानववंशशास्त्राचे चार पाठ होते, हे भाषणांत कोणी सांगत नाही. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडात हाच निबंध सर्वांत आधी आहे. तो खंड आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. दर्शनी कपाटात, काचेच्या आत आहे. आमच्याही घरी होता. अभ्यासाच्या निमित्ताने तो कपाटाबाहेर आला, हीच आमच्या एम.ए.ची पहिली कमाई म्हणावी लागेल.

काय सांगितले आहे त्या निबंधात? जातीचे मर्म शिवाशिवीत किंवा धंद्यात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. समूहाने आपली दारे आतून लावून घेतली, एकाने लावली म्हणून दुसऱ्याने त्याचे अनुकरण केले, आणि लावलेली दारे लावलेलीच राहावीत म्हणून स्त्रीवर बंधने आली. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्या बंदोबस्तातून निघाल्या. जातीचे कुलूप स्त्रीच्या आयुष्याला लावलेले आहे, ही गोष्ट एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडली. आमच्या सेविकाताईंनी तो निबंध दोनदा वाचला आणि विचारले, "हे आपण महिला मेळाव्यात का सांगत नाही?"

आता घुर्ये यांच्याकडे वळू. 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९३२ साली निघाले. त्यात त्यांनी जातिसंस्थेची सहा लक्षणे सांगितली आहेत. समाजाचे तुकड्यांत विभाजन, उच्चनीच पायऱ्या, जेवणखाण व उठण्याबसण्यावरील निर्बंध, कोणाला हक्क आणि कोणाला मज्जाव यांची वाटणी, धंदा निवडण्याची मोकळीक नसणे आणि विवाहावरील बंधन. परीक्षेसाठी ही सहा लक्षणे घोकणे सोपे आहे. आम्ही त्यांच्याबरोबर एक वेगळा उद्योग केला. सहा लक्षणांचा एक कागद केला आणि आपापल्या गावात फिरून प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले, यातील काय गेले आणि काय उरले.

वस्तीचे विभाजन उरलेले आहे. वाडीचे नाव सांगितले की माणसाची जात कळते, पाटी वाचण्याचीही गरज पडत नाही. जेवणाखाण्यातील निर्बंध पुष्कळ सैल झाले. किनाऱ्यावर घरगुती खानावळीत जेवणारा पर्यटक सुरमई ताजी आहे का एवढेच विचारतो. रांधणारा कोण, हे त्याला विचारावेसे वाटत नाही. मात्र तोच गाव घरच्या लग्नात पंगतीच्या वेळी काय करतो, हे ज्याचे त्याने आठवावे. धंद्याचे बंधन कायद्याने आणि शिक्षणाने तुटले. आमच्या काउंटरवर खाते उघडण्याचा अर्ज येतो, त्यात व्यवसायाचा रकाना असतो. बापाच्या जुन्या अर्जात 'मजुरी' आणि मुलाच्या नव्या अर्जात 'पर्यटन', असे आम्ही कितीतरी वेळा पाहिले. पण बारकाईने पाहिले की कळते, पर्यटन हा शब्दही सर्वांना सारखा नाही. ज्याची जमीन किनाऱ्याला लागून आहे त्याने खोल्या बांधल्या. ज्याच्या पूर्वजांना किनाऱ्याची जमीन कधी मिळालीच नाही, त्याच्या मुलाने पर्यटकांना आणणारी गाडी चालविली. दोघेही कष्टाळूच. पण शर्यत कोठून सुरू झाली, हे पाहिल्याशिवाय कोण पुढे गेला ते सांगता येत नाही. हे बँकेत वीस वर्षे कर्जाचे कागद हाताळून आम्हाला कळले नव्हते. समाजशास्त्राने ते एका संध्याकाळी दाखविले.

सहावे लक्षण विवाहाचे. ते लिहिताना आमची लेखणी थांबली, कारण या रकान्यात दुसऱ्यांच्या वाडीकडे बोट दाखवून भागत नव्हते. आपण १९५६ साली धम्म स्वीकारला आणि जुन्या ओळखी मागे टाकल्या. आपल्या वधू-वर नोंदणीच्या अर्जात पोटजातीचा रकाना नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण अर्ज भरून झाल्यावर, पेन खिशाला लावता लावता, कोणीतरी हळूच विचारतेच, "पण मूळचे कुठले? कोणांपैकी?" मंडळी, हा प्रश्न आम्हीही विचारलेला आहे. आमच्या घरातील लग्ने जुळविताना विचारलेला आहे. १९१६ च्या निबंधाचा खंड काचेच्या कपाटात होता आणि त्याच कपाटासमोर बसून आम्ही तो प्रश्न विचारला. कागदावरचे सहावे लक्षण तपासताना ही गोष्ट आम्ही एकमेकांपाशी कबूल केली. आज तुमच्यापुढे करीत आहोत.

घुर्ये आणि बाबासाहेब यांची मते सर्वत्र जुळतात असे नाही. राखीव प्रतिनिधित्वाला घुर्ये यांचा विरोध होता. त्यामुळे जातीचा अभिमान बळावेल असे त्यांना वाटे. ते आम्हाला पटत नाही. ज्याला सहा लक्षणांतील चौथ्याचा चटका बसला आहे, त्याला ते पटणे कठीण आहे. तरीही विवाहाची बंधने तुटल्याशिवाय ही संस्था मोडणार नाही, या ठिकाणी मालवणचे घुर्ये आणि आंबडव्याचे आंबेडकर एकमेकांच्या जवळ येतात. दोघांच्या वयात अवघे अडीच वर्षांचे अंतर, दोघेही एल्फिन्स्टनचे विद्यार्थी, दोघांच्याही घराण्यांची मुळे कोकणच्या मातीत. पण एक गावाच्या आतून जात पाहत होता आणि दुसरा गावाबाहेरून. एकाच झाडाची दोन बाजूंनी काढलेली चित्रे आम्ही शेजारी ठेवून वाचली. पटत नाही म्हणून वाचायचे नाही, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविलेले नाही.

अभ्यासाच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर विद्यार्थी मित्रांची फसवणूक होईल. पुस्तके इंग्रजीत होती, आणि तीही सत्र निम्मे संपल्यावर हातात पडली. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणून त्या दुपारी शिक्षकांच्या पडवीत आमचा वर्ग भरे. एक जण इंग्रजी परिच्छेद वाची, दुसरा मराठीत सांगे आणि तिसरा मालवणीत उदाहरण देई. द्युर्खेम या फ्रेंच विद्वानाचे श्रमविभागणीवरील पुस्तक घुर्ये यांच्या जन्मसाली, १८९३ मध्ये निघाले. सारखेपणातून येणारे ऐक्य आणि परस्परावलंबनातून येणारे ऐक्य, असा भेद त्यात आहे. तीन वेळा वाचूनही तो डोक्यात शिरेना. तेव्हा वाहकबंधू म्हणाले, "रापण आणि ट्रॉलर!" रापणीत सगळे एकच दोर ओढतात आणि आलेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटून घेतात. ट्रॉलरला तांडेल वेगळा, खलाशी वेगळे, बर्फवाला वेगळा, दलाल वेगळा, डिझेल देणारा वेगळा आणि कर्ज देणारी बँक आणखी वेगळी. एक अडला तर सगळे अडले. द्युर्खेम समजला. मग कोणीतरी पुढचा प्रश्न काढला, रापणीच्या त्या दोराला आपल्या वाडीतील माणसांचा हात लागत होता का? वाडीतील वृद्धांना विचारले तर दर गावाला वेगळे उत्तर मिळाले. तेथे आम्ही एक मोठा धडा शिकलो. 'पूर्वी असे होते' असे सरसकट म्हणायचे नाही. कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणी पाहिले, हे विचारायचे.

संशोधनपद्धतीच्या विषयात सरासरी, मध्यगा, बहुलक आले. नोटा मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे तो भाग शिकविण्याचे काम बँकेच्या कारकुनाकडे आले. स्त्री-अभ्यासाचा भाग मात्र सेविकाताईंनी शिकविला, आणि तो पुस्तकाशिवाय. वर्ग भरला की त्या आत जाऊन चहा ठेवीत आणि आम्ही चौघे बाहेर स्त्रीच्या अदृश्य श्रमाचे प्रकरण मोठ्याने वाचीत बसू. एके दिवशी ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "प्रकरण वाचून झालं असेल तर आता कपबशा विसळा." त्या दिवसापासून पाळी लावली. परीक्षेत सर्वांत जास्त गुण त्यांनाच मिळाले, हेही येथे नोंदवितो.

एका परीक्षेच्या वेळी आमच्यापैकी एकाला वरिष्ठांनी रजा नाकारली. परीक्षा केंद्र दूर, पहाटेच्या गाडीने निघून रात्री परत यावे लागे. तो पेपर पुढच्या सत्रावर गेला. बँकेतील परीक्षा दिली असती तर एक वेतनवाढ तरी मिळाली असती. समाजशास्त्राच्या एम.ए.ला वेतनवाढ नाही. सहकाऱ्यांनी थट्टा केली ती त्यांच्या बाजूने बरोबरच होती. आमच्या वाहकबंधूंची गोष्ट मात्र थट्टेची नाही. २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. पगार बंद. दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची मुदत त्याच काळात आली. आम्ही चौघांनी वर्गणी काढू म्हटले. ते म्हणाले, "घरात दोन पोरांची फी थकलेली असताना माझी फी तुम्ही भरायची? ते मला जमणार नाही." ते थांबले. आम्हा पाचांपैकी चौघांच्या हाती पदवी आहे. पण रापणीचे उदाहरण देणारा माणूस पदवीवाचून राहिला.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत, ती सांगतो.

मुलाखतीचा सराव करण्यासाठी आम्ही आपल्याच वाडीतील एका आजींकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण बोलणे खणखणीत. १९५६ साली त्या नव्याने लग्न होऊन आलेल्या होत्या. आम्ही पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रश्नावली छापून नेली होती. नाव, वय, शिक्षण, उत्पन्न, होय, नाही. आजींनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला आणि हसून म्हणाल्या, "माझा सांगणा ह्या कागदार मावचा नाय रे."

आम्ही कागद बाजूला ठेवला. मग त्या सांगू लागल्या. गावाची जुनी कामे आपल्या लोकांनी सोडली, त्या वर्षी सुगीला खळ्यावरून मिळणारा भाताचा वाटा बंद झाला. पुरुष मंडळी बैठका घेत होती, ठराव करीत होती, मुंबईला पत्रे लिहीत होती. "आणि चूल?" आम्ही विचारले. आजी म्हणाल्या, बायका ओहोटी पाहून खाडीत उतरत. तिसऱ्या, खुबे, कालवे काढत. दगडाने बोटे कापत. त्यावर कित्येक दिवस घरे चालली. "कामा सोडली ती बापयांनी सांगितली, पण पोटाक आम्ही घातला," हे त्यांचे शब्द वहीत आहेत. गावाची कामे सोडल्याचा इतिहास आम्ही शंभर वेळा ऐकला होता. त्या इतिहासाच्या पोटात कोण उपाशी राहिले आणि कोणी शिजवून घातले, हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. सरकारने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ साली केला. आपल्या वाडीत त्याच्या आधीच बायकांनी किंमत मोजून ठेवली होती.

दिवेलागण झाली. आजी म्हणाल्या, "फुडच्या शनवारी या, उरलेला सांगतंय."

पुढच्या शनिवारी बँक उघडी होती. त्याच्या पुढच्या शनिवारी सहामाही हिशेबाची गडबड. मग परीक्षा आली, आणि परीक्षेच्या नादात, संशोधनपद्धतीची उत्तरे पाठ करीत, आम्ही खऱ्या संशोधनाची वाट विसरलो. पेपर संपवून आलो त्या आठवड्यात आजी गेल्या. आमच्या वहीत अडीच पाने आहेत. संशोधनपद्धतीच्या विषयात आम्ही उत्तीर्ण झालो.

एम. एन. श्रीनिवास यांच्याबद्दल एक हकिकत अभ्यासात वाचली. १९४८ साली त्यांनी म्हैसूरकडील एका खेड्यात राहून टिपणे काढली. १९७० मध्ये अमेरिकेत त्यांच्या कार्यालयाला आग लावण्यात आली आणि वर्षानुवर्षे तयार केलेली टिपणे जळाली. तेव्हा त्यांनी केवळ आठवणीवरून त्या खेड्याचे पुस्तक लिहिले. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्यांची टिपणे जळाली तरी आठवण शिल्लक होती. आपल्याकडे उलटे आहे. टिपणे कोणी काढलीच नाहीत, आणि आठवण दरवर्षी एकेका पालखाटेवरून उठून जात आहे. १९५६ साली जे कळते होते ते आज ऐंशी-नव्वदीत आहेत. घुर्ये यांचे ग्रंथ ग्रंथालयात आहेत, बाबासाहेबांचे खंड शासनाने छापले आहेत. आपल्या वाडीचा मजकूर मात्र कोठेही नाही. तो लिहिण्यास बाहेरून कोणी येईल, ही वाट पाहणे आता परवडणारे नाही.

म्हणून समितीपुढे आम्ही तीन विनंत्या ठेवीत आहोत.

पहिली. वाडीतील ऐंशीच्या पुढील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे सांगणे या वर्षात ध्वनिमुद्रित करून लिहून काढावे. त्यासाठी एम.ए. लागत नाही. आज प्रत्येक मुलाच्या खिशात फोन आहे. फक्त होय-नाहीचे कागद नेऊ नका, आणि 'पुढच्या शनिवारी' म्हणू नका. सांगणाऱ्याची परवानगी घ्या, त्याच्या बोलीतच लिहा, आणि स्त्रियांकडे आधी जा. ही नोंद आम्ही चौघे तपासून देऊ. वाहकबंधूंनीही मुलाखती घेण्याचे मान्य केले आहे. ऐकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

दुसरी. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी समितीने शुल्काचा छोटा निधी ठेवावा. तो देणगी म्हणून देऊ नये. परतफेडीच्या बोलीवर द्यावा, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. तरुणांनी लक्षात ठेवावे की समाजशास्त्राच्या एम.ए.साठी पदवी कोणत्याही शाखेची चालेल अशी सोय अनेक ठिकाणी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र येथे हा अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. किमान दोन वर्षे लागतात. पुढे प्राध्यापक व्हायचे तर नेट परीक्षा आहे. तिच्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना ५०. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीमुळे बौद्धांनाही केंद्राच्या या सवलती मिळतात. नाव घालण्यापूर्वी मान्यता आणि परीक्षा केंद्राचे ठिकाण यांची चौकशी स्वतः करा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तिसरी विनंती अवघड आहे. वधू-वर नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्यांनी तो हळूच विचारला जाणारा प्रश्न विचारणे बंद करावे, आणि समोरच्याने विचारला तर उत्तर देऊ नये. सुरुवात आमच्या घरापासून करा. आमच्यापैकी दोघांच्या मुली लग्नाच्या आहेत. त्यांचे अर्ज आज आम्ही चिटणीसांकडे दिले आहेत. त्यात गाव आहे, शिक्षण आहे, मुलींच्या अपेक्षा त्यांच्या हस्ताक्षरात आहेत. बाकी काही विचारल्यास आम्ही सांगणार नाही.

शेजारच्या काकांनी विचारले होते, शिकून काय करणार, पेन्शन वाढणार का. काका आज समोर बसले आहेत. काका, पेन्शन वाढणार नाही. पण तुमचे वय आता ब्याऐंशी. आम्ही येत्या शनिवारी, चार वाजता, वही घेऊन तुमच्याकडे येत आहोत. बँक बंद आहे. असती उघडी तरी रजा टाकून आलो असतो.



जयभीम. भवतु सब्ब मंगलम्.